मारिओची हुकलेली उडी

‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा लोकप्रिय व्हिडिओ गेमवर हॉलिवूडने काढलेला पहिला मोठा चित्रपट. २८ मे १९९३ रोजी तो अमेरिकेत झळकला. खर्च चार कोटी डॉलरच्या वर गेला होता. अमेरिकेतली कमाई दोन कोटींच्या आसपासच अडकली.

मूळ गेम निन्टेंडोचा, १९८५ सालचा. शिगेरू मियामोतो यांच्या या खेळाला म्हणावी अशी कथा नाही. मिशीवाला मारिओ धावतो, उड्या मारतो, विटा फोडतो, कासवं तुडवतो आणि शेवटी राजकन्येला सोडवतो. त्याचं रूपसुद्धा नाइलाजातून आलेलं. १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये तो पहिल्यांदा दिसला, तेव्हा चेहऱ्यासाठी मोजकेच ठिपके हाताशी होते. तोंड काढायला जागा नाही म्हणून मिशी. केस दाखवणं अवघड म्हणून टोपी. सगळी गंमत बटणावरच्या अंगठ्यात. उडी कधी नि किती लांब, हे खेळणाराच ठरवतो आणि खड्ड्यात पडला तर चूकही त्याचीच. भारतात नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या नकली यंत्रांवर ‘कॅसेट’ घालून हाच मारिओ खेळला गेला. गोष्ट काय आहे, हे कुणी विचारलंही नाही.

थिएटरात बटण नसतं. ती जागा भरायला दिग्दर्शक रॉकी मॉर्टन आणि ॲनाबेल जँकेल यांनी एक भलतीच दुनिया उभी केली. उल्का आदळल्यावर डायनासोर समांतर जगात गेले, तिथे उत्क्रांत होऊन माणसांसारखे झाले आणि आता डेनिस हॉपरचा कूपा त्यांच्यावर राज्य करतो. गेममधले गूम्बा म्हणजे पायाखाली चिरडायची ठेंगणी भुईछत्रं. इथे ते लांब कोट घातलेले धिप्पाड प्राणी झाले, मुंडकं तेवढं इवलंसं. उडी मारायला तर चक्क यांत्रिक बूट लागतात! गेममध्ये जे एका बटणात होतं, त्याला इथे कारण जोडावं लागलं आणि तिथेच मजा गेली.

कल्पना टाकाऊ नव्हती. नॉर्थ कॅरोलिनातल्या विल्मिंग्टनजवळ, बंद पडलेल्या सिमेंट कारखान्यात उभारलेले सेट आजही बघण्यासारखे वाटतात. ‘ब्लेड रनर’चे कलादिग्दर्शक डेव्हिड स्नायडर यांचं ते काम. पण चित्रपट कुणासाठी, याचा निर्णयच झाला नाही. दिग्दर्शकांना काळोखी, मोठ्यांची गोष्ट हवी होती, तर पैसा घालणाऱ्यांना मुलांची करमणूक. पटकथा अनेक हातांतून फिरली आणि चित्रीकरण चालू असतानाही नवी पानं येत राहिली. परिणामी मुलांना चित्रपट भीतिदायक वाटावा आणि मोठ्यांना पोरकट, अशी गत झाली. त्यात दोनच आठवड्यांनी ‘जुरासिक पार्क’ आला. योशी या छोट्या डायनासोरची यांत्रिक बाहुली खरं तर सुरेख होती. तिच्याकडे मग कोण बघणार?

मारिओ झालेले बॉब हॉस्किन्स पुढे मुलाखतीत म्हणाले की, आयुष्यातलं सर्वांत वाईट काम हेच. मारिओचा भाऊ लुईजी झालेल्या जॉन लेग्विझामोंनी आत्मचरित्रात लिहिलं, की सेटवर दोघं मधूनमधून दारू पीत असत.

निन्टेंडोने त्यानंतर मारिओला तीस वर्षं पडद्यापासून दूर ठेवलं. २०२३ मध्ये आलेल्या ॲनिमेशनपटाचे सहनिर्माते खुद्द मियामोतो होते. त्यात मारिओ गेमसारखाच दिसतो, गेमसारखाच उड्या मारतो. कथा याही वेळी बेताचीच, पण जगभरात कमाई १३० कोटी डॉलरच्या पुढे गेली.