माळ्यावरची बाटली

बचत गटाच्या बैठकीत दारूविरुद्ध तावातावाने बोलणारी मीच. त्यामुळे दिंडोरीहून दादाने स्वतःच्या मळ्यातल्या द्राक्षांच्या वाईनची बाटली आणली, तेव्हा ती मी गुपचूप माळ्यावर दडवली, पितळी पातेल्यांमागे. वर तापलेले पत्रे! उन्हाळाभर ती तिथेच उभी.

भाऊबीजेला दादाने हौसेने बूच काढलं, तर आंबूस भपकारा. बिचारा काही बोलला नाही, पण चेहरा उतरला. वर्षभर राबतो हो तो त्या बागेत!

मग त्यानेच समजावलं. वाईनला ऊन, उजेड, उकाडा सोसत नाही. १२ ते १५ अंशांचा गारवा लागतो. कॉर्कचं बूच असेल तर बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच ओलं राहतं. ते सुकलं की हवा शिरते नि वाईन बिघडते. फिरकीचं झाकण असेल तर उभी चालते. उघडलेली बाटली बंद करून फ्रीजमध्ये ठेवावी, तीन-चार दिवसांत संपवावी.

मैत्रिणींनो, आपल्या घरात एवढा गारवा कुठला? मी आपली मागच्या अंधाऱ्या खोलीत, गव्हाच्या कोठीमागे, नवी बाटली आडवी ठेवलीय. गटातही सांगून टाकलं. दोघीजणी अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.