विश्लेषण : उथळ पाण्यातही जीव का जातो? मालवणच्या स्कुबा गाईडची सुरक्षा कशावर अवलंबून?

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पर्यटकांना प्रवाळ दाखवणारा गाईड आणि मोठ्या मत्स्यालयाच्या टाकीत उतरून काच पुसणारा, माशांना खाऊ घालणारा पाणबुड्या यांच्या कामात बरेच साम्य आहे. पाणी फार खोल नसते आणि काम रोजचे असते. त्यामुळे धोका नाही असे वाटू लागते. प्रत्यक्षात तसे नाही.

उथळ पाणी सुरक्षित का नाही?

पाण्यात दर १० मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच तो दुप्पट होतो. त्या खोलीवर सिलिंडरमधून घेतलेला श्वास रोखून वर आल्यास फुप्फुसातील हवेला दुप्पट जागा लागते. फुप्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तात आणि तेथून मेंदूत जाऊ शकतात. दोन मीटरवरूनही अशी इजा होऊ शकते. म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. घाबरलेला पर्यटक नेमके हेच करतो आणि वर धावताना गाईडलाही ओढून नेतो.

गाईडला वेगळा धोका कोणता?

पर्यटक एकदा उतरतो, तर गाईड हंगामात दिवसभर खाली-वर करतो. प्रत्येक फेरीत कानाच्या पडद्यावर ताण येतो, शरीरात नायट्रोजन साठतो, थकवा वाढतो. सर्दी असताना उतरणे तर कानाला घातकच. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरपेक्षा जास्त नसावा, असा संकेत आहे. बुडबुड्यांचा त्रास झाल्यास दाबकक्षात उपचार करावे लागतात. अशी सोय मुंबईत नौदलाच्या ‘अश्विनी’ रुग्णालयात आहे, पण मालवणहून मुंबई सुमारे ५०० किलोमीटर दूर.

सिलिंडर भरताना कॉम्प्रेसरजवळ इंजिनाचा धूर असेल तर कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळतो. त्याला वास नसतो, त्यामुळे खाली गेल्यावरही तो लक्षात येत नाही.

मत्स्यालयांत काय काळजी घेतात?

पाणी ओढणारे पंप आधी बंद केले जातात. काठावर एक जण फक्त नजर ठेवण्यासाठी थांबतो. मदतीला दुसरा पाणबुड्या तयार असतो, ऑक्सिजन हाताशी असतो. ब्रिटनमध्ये १९९७ च्या नियमांनुसार कामासाठी होणाऱ्या प्रत्येक बुडीला लेखी नेमलेला पर्यवेक्षक आणि पाणबुड्याची वार्षिक वैद्यकीय तपासणी बंधनकारक आहे. पर्यटकांना घेऊन उतरणारा प्रशिक्षकही त्यात येतो.

मालवणसाठी याचा अर्थ काय?

टाकीत लाटा, प्रवाह आणि बोटींचे पंखे नसतात. समुद्रात ते सगळे आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा करून परतणारी बोट बुडाली आणि दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. म्हणजे सुरक्षेचा विचार पाण्याखाली संपत नाही. आता निवतीजवळ निवृत्त युद्धनौका ‘आयएनएस गुलदार’भोवती पाण्याखालचे संग्रहालय उभारण्याचा प्रकल्प आहे. जहाजाच्या बंदिस्त भागात सरळ वर येण्याची वाट नसते. तेथे काम करणाऱ्यांना वेगळे प्रशिक्षण लागेल.

पर्यटकांनी काय पाहावे?

- गाईडकडे प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र आहे का?
- बोटीवर लाइफ जॅकेट, ऑक्सिजन आणि लक्ष ठेवणारा माणूस आहे का?
- एका गाईडच्या हाती किती जण दिले आहेत?
- स्वतःला दमा, हृदयविकार किंवा सर्दी असेल तर आधीच सांगितले का?

आणि गाईडने वर चला अशी खूण केली की ‘आणखी पाच मिनिटे’ असा हट्ट धरू नये. त्याला पुढच्या फेरीलाही उतरायचे असते.