माल्टन शहराची नाकेबंदी

माल्टन हे शहर नकाशावर शोधू जाल तर इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात त्या नावाचे एक गाव सापडेल. परंतु मी ज्या माल्टनविषयी लिहीत आहे ते हे नव्हे. माझ्या माल्टनमध्ये शंभर उपनगरे होती, प्रत्येक उपनगरात दहा ओळी आणि दहा रांगा यांनी आखलेले शंभर चौक होते, आणि अशा त्या दहा हजार चौकांत पोलिसठाणी, इस्पितळे, प्रार्थनामंदिरे, कबरस्ताने आणि चार-चार चौक व्यापणारी बाजारसंकुले यथास्थित मांडलेली असूनही त्यांतील एकाचेही चित्र कोणी काढलेले नव्हते. सारे शहर अक्षरांचे होते. ‘अर्बन डेड’ या नावाचा तो संगणकावरील खेळ केव्हन डेव्हिस नावाच्या एका ब्रिटिश गृहस्थाने एकट्याने रचला आणि ३ जुलै २००५ रोजी सर्वांस विनामूल्य खुला केला. खेळण्यास काही विकत घ्यावे लागत नसे, काही उतरवून घ्यावे लागत नसे. इंटरनेटचे साधे पान उघडले की आपण शहरात. ज्याला वाटेल त्याने अल्पशी वर्गणी द्यावी, आणि तिच्या मोबदल्यात दिवसाकाठी पाने उघडण्यावरील मर्यादा तेवढी शिथिल व्हावी, इतकाच काय तो व्यवहार.

शहराला फौजेचा वेढा पडलेला आहे, आत मेलेली माणसे उठून जित्यांना खात आहेत, आणि बाहेर जाण्यास वाट नाही, एवढेच कथानक. या उठलेल्या मेलेल्यांना जग झोंबी म्हणते. मराठीला हा शब्द अगदीच परका वाटू नये, कारण अंगाला अंग भिडवून केलेल्या झटापटीला आपण पूर्वापार झोंबीच म्हणत आलो. व्युत्पत्तीचा काडीइतका संबंध नसताना अर्थाचा असा मेळ क्वचितच बसतो. मात्र आपला वेताळ, समंध किंवा मुंजा यांच्यापासून हा प्राणी जातीने निराळा आहे. आपल्या भुताला नाव असते, राहण्याचे झाड असते आणि बहुधा एखादी अपुरी इच्छाही असते. झोंबीला यांपैकी काहीही नसते, त्याला असते ती केवळ संख्या. जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाने १९६८ साली ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा चित्रपट काढून त्याला हे रूप दिले, आणि वितरकाने चित्रपटाचे नाव बदलताना पडद्यावरील स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहून गेल्यामुळे तो चित्रपट अमेरिकेत सार्वजनिक मालकीचा झाला. एका कारकुनी चुकीने मोकळ्या झालेल्या या गायरानात पुढे शेकडो लेखकांनी, चित्रकर्त्यांनी आणि खेळ रचणाऱ्यांनी आपापली गुरे चारली. डेव्हिस त्यांतलाच एक.

त्याची खरी प्रतिभा मात्र भुतांत नव्हती, शिध्यात होती. प्रत्येक खेळाडूच्या गाठी फार तर पन्नास कृती असत. एक पाऊल टाकले की एक कृती गेली, कपाट धुंडाळले की एक गेली, कुऱ्हाड हाणली की ती लागो वा हुको, एक गेलीच; आणि खर्च झालेली कृती दर अर्ध्या तासाला एक या मंद गतीने परत मिळे, म्हणजे दिवसाचा रोजमुरा अठ्ठेचाळीस. पन्नास कृती साठवून शहराच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेकडे निघालेल्या माणसाला नव्याण्णव पावले चालण्यास एक दिवसाहून किंचित अधिक लागे, आणि नवख्या झोंबीला, ज्याच्या पावलाला दोन कृती पडत, तीच वाट तीन दिवसांची होई. पाच-सात मिनिटांत दिवसाचा खेळ संपे.

आणि येथेच त्या रचनेतली मख्खी होती, कारण खेळ संपला तरी खेळाडूचे शरीर शहरातून उठून जात नसे. समजा, एक माणूस सकाळी कचेरीस निघण्यापूर्वी पान उघडतो, कारखान्यात शोधून इंधनाचा डबा मिळवतो, तो घेऊन इस्पितळाकडे वळतो, तेथील जनित्रात इंधन ओततो, कारण दिवे लागल्याखेरीज तेथे शस्त्रक्रिया जमत नाही, आणि दोन जखमींना मलमपट्टी करता करता त्याच्या कृती संपतात. तो जगातल्या आपल्या कामाला निघून जातो. त्याचे शरीर त्या उजळलेल्या इमारतीत, जिचे दिवे बाहेरच्या रस्त्यावरून दिसत आहेत, तसेच पडून राहते. दुपारी एका झोंबीने दारामागचा अडसर मोडला. आत माणसे आहेत हे पाहून त्याने कण्हणे सुरू केले. आत जितकी माणसे अधिक तितके ते कण्हणे दूरवर ऐकू जाई, आणि ऐकणारे झोंबी त्या दिशेने निघत. संध्याकाळी हा माणूस परत येऊन पान उघडतो तो ओळींखाली ओळी: पंजा बसला, तीन गुण गेले, पंजा बसला, तीन गुण गेले, चावा बसला, चार गेले, आणि शेवटी, तुम्ही मेलेले आहात. तो स्वतः त्या वेळी कदाचित आगगाडीत उभा होता.

यावर उपाय एकच, की आपण निजलेले असताना दुसऱ्या कोणीतरी, बहुधा पृथ्वीच्या दुसऱ्या गोलार्धात जागे असलेल्या माणसाने, दार पाहावे. या गरजेतून माल्टनमध्ये जी नागरी व्यवस्था उभी राहिली ती मला त्या साऱ्या रक्तपातापेक्षा अधिक नवलाची वाटते. दारामागे सामान रचून मोर्चेबंदी करता येई आणि तिच्या सात पायऱ्या होत्या. पण चौथ्या पायरीच्या वर गेल्यास रस्त्यावरून आत शिरता येत नसे, शेजारच्या इमारतीतून छपराछपरांवरून येण्याची विद्या साधलेल्यालाच प्रवेश मिळे. म्हणजे जुन्या रहिवाशांनी भीतीपोटी तटबंदी जितकी भक्कम करावी, तितके नवखे बिचारे बंद दारांपुढे रस्त्यात मरावेत! तेव्हा खेळाडूंनी आपसांत उपनगरवार आराखडे मुक्रर केले, की अमुक इमारती चौथ्या पायरीवरच ठेवाव्यात आणि बाकीच्या हव्या तितक्या पक्क्या कराव्यात. हा हुकूम डेव्हिसचा नव्हता, त्याला कायद्याचे बळ नव्हते, आणि तो मोडणारे उत्साही मूर्ख प्रत्यही निपजत. तथापि भिंतींवर रंगाच्या डब्यांनी सूचना लिहून, समजूत घालून आणि क्वचित धाकदपटशाने तो अंमलात आणला जात असे. सरकार नसलेल्या मुलखात नगरपालिका आधी जन्मली.

मेलेला माणूस मात्र खेळातून बाद होत नसे. तो उठे, आणि उठल्यावर तो झोंबी असे. नेक्रोटेक या कल्पित कंपनीच्या प्रयोगशाळांत एक सुई मिळे. ती मानेत टोचली की झोंबी मरून पुन्हा माणूस म्हणून उठे. ज्यांना परतायचे असे ते ठरलेल्या कबरस्तानात जाऊन मुकाट्याने उभे राहत आणि कोणी आल्यास ‘म्र्ह?’ एवढेच विचारीत. या केविलवाण्या रांगांना जुने लोक थट्टेने गुरे म्हणत. ज्यांना परतायचे नसे, अशा निष्ठावंत मृतांनी मेंदू सडवून घेण्याची विद्याच पत्करली, जेणेकरून रस्त्यात कोणी परोपकारी माणसाने सुई टोचून त्यांना जबरदस्तीने जिवंत करू नये. रिडलीबँक या उपनगराला आपली जन्मभूमी मानणारी मृतांची एक संघटना तर शिस्तीत कोणत्याही जित्या शिबंदीला हार जाणारी नव्हती.

‘म्र्ह’ या उद्गाराचे कारण सांगितलेच पाहिजे. झोंबीला आरंभी बोलताच येत नसे. पुढे ‘मरणाची घरघर’ ही विद्या मिळवल्यावर येई, पण त्याच्या वाट्याला रोमन लिपीतील ए, बी, जी, एच, एम, एन, आर आणि झेड एवढीच अक्षरे व थोडी विरामचिन्हे येत. डेव्हिसने हे निर्बंध विनोदासाठी घातले असावेत. खेळाडूंनी त्यांतून एक भाषा घडवली, तिचे नावही त्याच आठ अक्षरांत बसवून ‘झाम्ग्र्ह’ ठेवले, माणसांना ‘हार्मान्झ’ म्हटले, आणि ‘बार्हाह’ हा एक शब्द असा केला की जयघोष, आनंद, युद्धाचे आवाहन आणि मोक्ष हे सारे त्यात मावावे. मी कुतूहलाने या अक्षरांत मराठी किती बसते ते पाहिले. घर बसते, मन बसते, नगर बसते, उच्चार थोडा गावरान केल्यास मरणही बसते, आणि स्वतः घरघर तर अक्षरशः बसते. जीव आणि देव मात्र बसत नाहीत.

या खेळात उणिवा नव्हत्या असे नाही. त्याचे रूप करड्या रंगाचे आणि रुक्ष होते, एकट्याने खेळणाऱ्यास तो अत्यंत कंटाळवाणा होई, आणि केवळ मौजेखातर आपल्याच पक्षाच्या झोपलेल्या माणसांना गोळ्या घालणाऱ्यांचा किंवा जनित्रे फोडणाऱ्यांचा बंदोबस्त कधीच पुरता झाला नाही. रोमेरोच्या ‘डायरी ऑफ द डेड’ या चित्रपटाच्या निमित्ताने २००८ साली मन्रोव्हिल नावाचे दुसरे शहर वसवण्यात आले, तेथे सुईची सोय नव्हती. मेलेला कायमचा मेलेला. तर्काला ते अधिक धरून होते, पण माल्टनची गोडी त्याला आली नाही, कारण दोन्ही पक्षांची चव घेतलेल्या माणसाला शत्रूविषयी जी एक खोडकर सहानुभूती वाटते, तिला तेथे जागाच उरली नव्हती.

माल्टन शेवटी पडले ते कोणत्याही फौजेमुळे नव्हे. ब्रिटनच्या संसदेने २०२३ साली इंटरनेटवरील सुरक्षिततेचा कायदा केला, आणि त्यातील बेकायदा मजकुराविषयीची कलमे मार्च २०२५ मध्ये लागू झाली. जेथे जेथे माणसे परस्परांशी बोलतात अशा प्रत्येक स्थळाच्या चालकाने धोक्यांची तपासणी करून तिचे दप्तर ठेवावे, कसूर झाल्यास एक कोटी ऐंशी लाख पौंड किंवा जगभरच्या उत्पन्नाचा दहावा हिस्सा यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत दंड होऊ शकेल, असा तो शिरस्ता. मुलांचे रक्षण करण्याच्या हेतूशी कोणाचे वैर असणार? परंतु हजारो कारकून पदरी बाळगणाऱ्या कंपन्या नजरेसमोर ठेवून शिवलेला हा अंगरखा एकट्या माणसाच्या अंगावर घातल्यास त्याचे हातपाय दिसेनासे होतात, हे मसुदा करणाऱ्यांच्या लक्षात आले नसावे, किंवा आले असूनही त्यांनी त्याची क्षिती बाळगली नसावी. एकट्याच्या छंदाला इतकी जोखीम पेलणारी नाही असे डेव्हिसने जाहीर केले आणि १४ मार्च २०२५ रोजी शहर बंद केले. नाकेबंदी १९ वर्षे, ८ महिने आणि ११ दिवस चालली होती. त्या दिवशी एखाद्या कबरस्तानात कोणी ‘म्र्ह?’ विचारीत उभा असेल, तर त्याची सुई तेवढी राहून गेली.