हप्ता, शिल्लक आणि घराची डागडुजी

सातव्या वेतन आयोगाची वेतनश्रेणी महाराष्ट्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये प्रत्यक्ष लागू केली आणि १ जानेवारी २०१६ पासूनच्या तीन वर्षांची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत देण्याचे ठरविले. ही रक्कम भविष्य निर्वाह निधीत जमा होवो वा हाती पडो, तिच्यावर घरोघरी तीन दावेदार उभे राहिले. पहिला दावा गृहकर्जाचा, दुसरा आजारपण व म्हातारपण यांच्या तरतुदीचा आणि तिसरा खुद्द घराचा. भिंतीला ओल आलेली, न्हाणीघराची फरशी उचकटलेली, स्वयंपाकघराचा ओटा जुना झालेला. थकबाकीचे हे हप्ते संपले तरी प्रश्न संपत नाही. विम्याची मुदत भरली, पतसंस्थेचे जुने कर्ज फिटून पगारातील कपात थांबली, की हेच तीन दावेदार पुन्हा दारात उभे राहतात.

अशा वेळी बहुतेक कुटुंबांत निर्णय होतो तो ज्याचा तगादा मोठा त्याच्या बाजूने. लग्नकार्य ठरले की घराला रंग देणे निकडीचे होते. व्याजदर चढले की कर्ज डोळ्यांसमोर येते. नात्यात कोणी रुग्णालयात दाखल झाले की शिल्लक आठवते. तिन्ही खाती जणू तीन निरनिराळ्या घरांची आहेत, अशा रीतीने त्यांचा विचार होतो. वास्तविक पगाराचा रुपया एकच असतो, आणि तो कोठे घालावयाचा हे ठरविण्याची कसोटीही एकच असू शकते. प्रत्येक दाव्याला विचारावयाचा प्रश्न असा की, तू थांबलास तर थांबण्याची किंमत काय?

स्वस्त दर, महाग कर्ज

कर्जाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आकड्यांत मिळते. २० लाख रुपयांचे गृहकर्ज साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे १७,३५६ रुपये पडतो. पहिल्या हप्त्यातील जवळजवळ १४,१६७ रुपये व्याजातच जातात. मुद्दल फिटते ते अवघे ३,१८९ रुपये. पाच वर्षे नियमाने हप्ते भरल्यानंतरही सुमारे १७ लाख ६२ हजार रुपये देणे राहते. त्या वेळी १ लाख रुपये एकरकमी भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे सुमारे १९ हप्ते वाचतात, म्हणजे ३ लाख ३० हजारांच्या आसपास रक्कम भरावी लागत नाही. तेव्हा कर्ज फेडणे हीदेखील बचतच आहे, आणि तिच्यावरील परताव्याला बाजाराच्या चढउताराची बाधा नाही. बदलत्या दराच्या गृहकर्जाच्या मुदतपूर्व फेडीवर बँकांनी व्यक्तींकडून दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच सांगितले आहे.

येथे करसवलतीचा मुद्दा हटकून पुढे येतो. कर्ज फेडून टाकले तर वजावट जाईल, असे हिशेबी माणसेही म्हणतात. पण जुन्या करपद्धतीत व्याजाची वजावट मिळाली तरी १०० रुपये व्याज भरून वाचतात ते २० किंवा ३० रुपये. उरलेले ७० वा ८० बँकेकडे गेलेलेच असतात. शिवाय २०२३-२४ पासून मूळ पद्धती ठरलेल्या नव्या करपद्धतीत, स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजाला ही वजावट नाही. केवळ सवलतीसाठी कर्ज जपून ठेवणे म्हणजे सूट मिळते म्हणून औषध घेत राहण्यासारखे आहे.

घराच्या नूतनीकरणासाठी नवे कर्ज काढताना तर अधिकच सावध राहिले पाहिजे. समजा, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर नव्याने करण्यास ३ लाख रुपये लागणार आहेत. वैयक्तिक कर्ज १३ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी मिळते. हप्ता सुमारे ६,८२६ रुपये आणि एकूण व्याज १ लाख १० हजारांच्या घरात. त्याऐवजी चालू गृहकर्जावरच ९ टक्के दराने, पंधरा वर्षांच्या मुदतीचे टॉप-अप कर्ज घेतले, तर हप्ता ३,०४३ रुपयांवर येतो. कर्ज स्वस्त वाटते. परंतु १८० हप्त्यांची बेरीज केली की व्याज २ लाख ४७ हजारांवर जाते. दर कमी असूनही व्याज दुपटीहून अधिक, कारण मुदत तिप्पट. टॉप-अप घ्यावेच लागले तर हप्ता मात्र वैयक्तिक कर्जाच्या तोडीचा ठेवावा, म्हणजे कमी दराचा खरा लाभ पदरात पडेल.

तिसरा मार्ग थांबण्याचा. ६,८२६ रुपयांचा तोच हप्ता बँकेला देण्याऐवजी साडेसहा टक्के व्याजाच्या आवर्त ठेवीत टाकला, तर सुमारे ४० महिन्यांत ३ लाख रुपये उभे राहतात. दरम्यान साहित्य व मजुरी महागून काम साडेतीन लाखांवर गेले, असे धरले तरी चार वर्षांच्या आत ती रक्कम जमते. कर्जाचे हप्ते मात्र पाच वर्षे चालले असते. साठ हप्ते आणि शेहेचाळीस हप्ते यांतील अंतर हीच उतावळेपणाची किंमत.

डागडुजी आणि सजावट

म्हणून घराने नेहमीच थांबावे काय? तसे मुळीच नाही. गच्चीतून झिरपणारे पाणी व्याजदराची वाट पाहत नाही. काँक्रीटमध्ये मुरलेले पाणी सळईपर्यंत पोहोचले की लोखंड गंजते, गंजलेल्या लोखंडाचे आकारमान वाढते आणि ते काँक्रीटला आतून फोडू लागते. आरंभी ज्या कामाला गच्चीचा कोबा नीट करणे पुरले असते, तेथे पुढे तुळई आणि खांब दुरुस्त करण्याची पाळी येते. अशी गळती हे न लिहिलेले कर्जच होय, आणि त्याचा व्याजदर कोणत्याही बँकेपेक्षा चढा असू शकतो. कोकणात पावसाळ्यापूर्वी दरवर्षी घर शाकारण्याची रीत होती, ती याच जाणिवेतून. फुटकी कौले बदलण्याचा खर्च कोणी चैन मानत नसे. 'घर पाहावे बांधून' असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण घर बांधून झाल्यावर ते राखावेही लागते, याची आठवण ती म्हण करून देत नाही.

गळती, वाळवी, जुनी वीजजोडणी, तुंबणारे सांडपाणी ही कामे थांबविली तर खर्च वाढतो किंवा जिवाला धोका उत्पन्न होतो. त्यांचा क्रम म्हणूनच वरचा. याउलट सुस्थितीतील फरशी काढून नवी बसविणे, छताखाली आणखी एक शोभेचे छत करणे किंवा शेजारच्या घरात झाले म्हणून मॉड्युलर किचन करणे, ही कामे दोन वर्षे थांबली तर काहीही बिघडत नाही. पुष्कळदा थांबण्याच्या काळात ती इच्छाच ओसरते. ऋण काढून सण करू नये हे ज्यांना पटते, त्यांनाही लग्नाच्या आधी ऋण काढून दिवाणखाना सजविणे वावगे वाटत नाही, ही मात्र नवलाची गोष्ट आहे.

तथापि डागडुजी व सजावट यांतील ही रेघ कोण आखतो, याला महत्त्व आहे. कर्जफेडीचे वेळापत्रक बहुधा घरातील पुरुष आखतो. आखूड ओट्यापाशी पंचवीस वर्षे वाकून उभी राहते ती गृहिणी. तिची पाठ दुखते याचा आकडा कोणत्याही वहीत चढत नाही. वृद्ध आईसाठी कमोड बसविणे, न्हाणीघरात न घसरणारी फरशी घालणे, भिंतीला धरावयास दांडी लावणे, धूर जावा म्हणून खिडकी काढणे, ही कामे दिसावयास सुधारणेची असली तरी त्यांच्या थांबण्याची किंमत कोणाच्या तरी शरीराला भरावी लागते. एका घसरण्याने मोडलेल्या हाडाचा खर्च त्या दांडीच्या कितीतरी पट असतो. ज्याला घरात सर्वाधिक वेळ काढावा लागतो, त्याचे मत या यादीत आधी घेतले पाहिजे.

म्हातारपणाकडून उसनवारी

सर्वांत मुका दावेदार बचतीचा. बँक हप्त्याची आठवण करून देते, ओल डोळ्यांना दिसते. म्हातारपण मात्र तगादा लावीत नाही. त्यामुळे भविष्य निर्वाह निधीतून ना-परतावा रक्कम काढून घर नटविण्याचा मोह सहज होतो. त्या पैशाला व्याज पडत नाही असे वाटते. प्रत्यक्षात ते व्याज निवृत्तीनंतरचा माणूस भरतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत १ नोव्हेंबर २००५ पासून आलेल्यांना सर्वसाधारणपणे जुनी निवृत्तिवेतन योजना लागू राहिली नाही. मार्च २०२३ मध्ये शिक्षक व कर्मचारी तिच्यासाठीच संपावर गेले होते. जुन्या निवृत्तिवेतनाचा भरवसा ज्यांना होता, त्या पिढीचा कित्ता या पिढीने गिरवणे परवडणारे नाही.

देशाचे चित्रही विचार करावयास लावणारे आहे. कुटुंबांची निव्वळ वित्तीय बचत २०२०-२१ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या ११ टक्क्यांहून अधिक होती. २०२२-२३ मध्ये ती ५ टक्क्यांच्या आसपास उतरली. लोक घरे व वाहने यांसाठी कर्जे घेत असल्याने बचत नाहीशी झालेली नसून तिचे रूप पालटले आहे, असे अर्थमंत्रालयाने त्यावर सांगितले. त्यात तथ्य आहे. परंतु अडीअडचणीच्या वेळी भिंतीतील विटा काढून रुग्णालयाचे बिल भागविता येत नाही. याच कारणाने हातची सारी शिल्लक गृहकर्जात ओतणेही शहाणपणाचे नव्हे. एप्रिल २०२० मध्ये सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचा दर ७.१ टक्के झाला. साडेआठ टक्क्यांचे कर्ज फेडणे त्यापेक्षा लाभाचे ठरते हे खरे; पण कर्जात गेलेला पैसा संकटात परत मागता येत नाही. किमान चार-सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढी रक्कम बाजूला राहिल्यावरच मुदतपूर्व फेडीचा विचार करावा.

घरचा सिंकिंग फंड

या सर्वांतून एक क्रम निघतो. प्रथम अडचणीची शिल्लक. मग क्रेडिट कार्ड, हातउसने, वैयक्तिक कर्ज अशी चढ्या व्याजाची देणी. त्यानंतर पाणी, वीज आणि माणसांचे शरीर यांच्याशी निगडित डागडुजी. पुढे उरेल ते निवृत्तीची बचत आणि गृहकर्जाची जादा फेड यांत विभागावे. सजावट साठविलेल्या पैशातूनच करावी.

हा क्रम पाळणे अवघड जाते ते डागडुजी दरवेळी अचानक उद्भवल्यासारखी वाटते म्हणून. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनी यावरचा तोडगा केव्हाच सांगितला आहे. बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी सिंकिंग फंडासाठी आणि किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभालीसाठी सभासदांकडून घ्यावी, असे त्यांत म्हटले आहे. इमारत पडझडीला येईल हे गृहीत धरून ती नवी असतानाच तरतूद करावयाची, असा हा विचार आहे. संस्थेच्या वार्षिक सभेत या वर्गणीचा आग्रह धरणारा सभासद आपल्या दाराच्या आत मात्र अशी एकही वही ठेवीत नाही. घराच्या बांधकाम खर्चाच्या १ टक्का रक्कम, म्हणजे १५ लाखांच्या बांधकामाला वर्षाकाठी १५,००० रुपये, महिन्याला १,२५० रुपये, वेगळ्या खात्यात टाकत गेले तर पाच वर्षांत ७५,००० रुपये साचतात. गच्ची, नळ आणि न्हाणीघर यांची वेळेवर करावयाची बरीचशी कामे तेवढ्यात भागतात, आणि कर्जाच्या हप्त्याला किंवा म्हातारपणाच्या पुंजीला हात लावावा लागत नाही.

कर्ज फिटले पण घर गळू लागले, किंवा घर नटले पण निवृत्तीनंतर वीजबिल जड झाले, तर दोन्ही हिशेब सारखेच चुकले असे म्हणावे लागेल. महिन्याचे हे १,२५० रुपये पगारदाराच्या आवाक्याबाहेरचे नाहीत. ते वेगळे काढण्याचा निर्णय मात्र छत कोरडे असतानाच घ्यावा लागतो.