पीसीओएस : गोळ्यांचा डबा घेण्याआधी हृदयाची तपासणी

पाळी दोन-दोन महिने येत नाही, चेहऱ्यावर केस वाढतात, वजन उतरत नाही. तपासणीत ‘पीसीओएस’ निघाला की घरात पहिली काळजी लग्नाची आणि मूल होण्याची. मग मोबाईलवर ‘हार्मोन संतुलित करणाऱ्या’ गोळ्यांची जाहिरात दिसते आणि दर महिन्याला पैसे जाऊ लागतात. या सगळ्यात हृदयाचा विषय कोणी काढत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील १० ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो. त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना त्याचा पत्ताच नसतो. पीसीओएस असलेल्या स्त्रियांना हृदयविकाराचा धोका अधिक आहे असे धरूनच चालावे, असे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात.

असे का? या विकारात अनेकींच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी होतो. म्हणून शरीर जास्त इन्सुलिन तयार करते. त्यामुळे बीजांडकोशातून पुरुषी हार्मोन वाढतात आणि पाळी बिघडते. त्याच गडबडीत रक्तातील ट्रायग्लिसराइड वाढते, चांगले कोलेस्टेरॉल घटते, साखर आणि रक्तदाब चढू लागतो. सडपातळ मुलीही यातून सुटत नाहीत.

आता गोळ्यांकडे येऊ. इनॉसिटॉलमुळे साखर-इन्सुलिनच्या आकड्यांत काहींना थोडी सुधारणा दिसते. पण प्रत्यक्ष फायद्याचा पुरावा मर्यादित आहे. ओमेगा-३ ने ट्रायग्लिसराइड कमी होते. मात्र अमेरिकेत २५,८७१ जणांवर झालेल्या ‘व्हायटल’ अभ्यासात (निष्कर्ष २०१८) ओमेगा-३ किंवा ‘ड’ जीवनसत्त्व घेऊन हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण लक्षणीय घटले नाही. हा अभ्यास पन्नाशीच्या पुढच्या लोकांवर होता, तरी ‘हृदयासाठी’ म्हणून विकणाऱ्यांना प्रश्न विचारायला तो पुरेसा आहे. ‘ड’ कमी असेल तर ते जरूर घ्यावे, पण मनाने मोठे डोस घेतल्यास रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. मेटफॉर्मिन दीर्घकाळ चालू असेल तर बी-१२ तपासून घ्यावे, कारण त्या औषधाने ते घटू शकते.

अशा पूरक गोळ्या आपल्याकडे अन्न म्हणून विकल्या जातात. डब्यावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ छापणे बंधनकारक आहे. ती ओळ वाचा. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करून अशी गोळी सुरू करू नका.

त्याऐवजी काय करावे? निदान होताच कोलेस्टेरॉलची पूर्ण तपासणी, दरवर्षी रक्तदाब, आणि एक ते तीन वर्षांनी साखर. शक्य असल्यास ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली. आठवड्यात किमान १५० मिनिटे भरभर चालणे. तंबाखू आणि मिश्री बंद. कमरेचा घेर मोजा : आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते.

पण चालायला सुरक्षित रस्ता नाही, दिवसभर धुणीभांडी किंवा कंपनीतली पाळी, घरी आल्यावर स्वयंपाक. अशा बाईला ‘व्यायाम कर’ सांगून आपण मोकळे होऊ शकत नाही. घरातले काम वाटून घेणे हाही तिच्या उपचाराचा भाग आहे.

शासनाची रक्तदाब-मधुमेह तपासणी ३० वर्षांवरील लोकांसाठी आहे. २२ वर्षांची पीसीओएस असलेली मुलगी त्या यादीत येतच नाही. ही उणीव आपण भरून काढू शकतो. १४ एप्रिलला, ६ डिसेंबरला आपण वस्तीत आरोग्य शिबिरे घेतो. तिथे मुलींसाठी वेगळे टेबल लावा, महिला कार्यकर्ती बसवा, पाळीबद्दल विचारा, रक्तदाब आणि साखर मोजा, गरज असेल तिला सरकारी रुग्णालयापर्यंत सोबत करा. पाळीबद्दलची लाज गेली, तरच ही मुलगी वेळेवर टेबलाशी येईल.