गरोदरपणातलं बीपी: बाळंतपण झालं तरी धोका टळत नाही

पाय सुजले की घरात म्हणतात, ‘दिवस गेलेत, सुजणारच.’ बऱ्याचदा ते खरंही असतं. पण पाचव्या महिन्यानंतर बीपी १४०/९० च्या वर गेलं आणि लघवीत प्रोटीन आलं, तर ते साधं दुखणं नव्हे. सुरुवातीला काही जाणवतच नाही, म्हणून दर तपासणीला बीपी मोजून घ्यायचंच. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात तपासणी मोफत असते.

डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय, बरगडीखाली दुखतंय? झटके येऊ शकतात, आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. रात्र असली तरी १०८ ला फोन करा.

बाळंतपणानंतरही सहा आठवडे सावध राहा. माहेरी आलेल्या बाळंतिणीचं डोकं दुखलं तर बाम चोळत बसू नका, आधी बीपी मोजा.