गुण, आवड आणि कामाची वांटणी

संगणकावरील खेळ म्हणजे मुलांचा कालापव्यय, असा आपल्यांत समज आहे. तथापि एका खेळांत काम करणाऱ्या माणसांच्या गुणांचा हिशेब इतका चोख ठेविला आहे कीं, तो सभासद-बंधूंपुढें मांडावा असें आम्हांस वाटतें. त्याचें नांव 'रिमवर्ल्ड'. टायनन सिल्व्हेस्टर यांनीं रचलेला हा खेळ २०१८ सालीं पूर्णावस्थेंत प्रसिद्ध झाला. एका काल्पनिक ग्रहावर अपघातानें उतरलेलीं तीन माणसें तेथें वसाहत करितात. शेती, स्वयंपाक, बांधकाम, शुश्रूषा हीं कामें खेळणारानें त्यांस वांटून द्यावयाचीं. वांटणी चुकली तर हिवाळ्यांत कोठार रिकामें व माणसें उपाशी.

प्रत्येक माणसाचें प्रत्येक कामांतील कसब ० पासून २० पर्यंत मोजलेलें असतें. शेतीचें कसब कमी असल्यास काम सावकाश होतें आणि कापणींत कांहीं पीक वायां जातें. 'हीलरूट' ही औषधी वनस्पति लावण्यास निदान ८ कसब लागतें. त्याखालच्या माणसास ती लावतांच येत नाहीं. हात दुखावला किंवा दृष्टि मंद झाली कीं कामाचा वेग उतरतो. स्वभावही मोजलेला आहे: उद्योगी माणसाचा वेग शेंकडा ३५ नें अधिक, आळशाचा शेंकडा २० नें कमी.

परंतु सर्वांत विचारणीय बाब आवडीची. ज्यास कामाची आवड नाहीं, तो शेंकडा ३५ च्याच गतीनें शिकतो. आवड असलेला पुऱ्या गतीनें, आणि उत्कट आवड असलेला दीडपट गतीनें. शिवाय १० पर्यंत चढलेलें कसब वापरांत न राहिल्यास झिजूं लागतें. एकाच कुशल माणसावर सर्व भार टाकिला, तर तो आजारी पडतांच पीक शेतांतच राहतें. म्हणून जाणता खेळाडू त्याच कामाची आवड असलेला दुसरा मनुष्य आधींच तयार करून ठेवितो.

आम्हीं उभी नोकरी पीकपाहणीच्या तक्त्यांत घालविली. त्यांत पिकास रकाना होता, पाण्याच्या साधनास रकाना होता. हाताच्या कसबास नव्हता. खेळांत हे अंक पडद्यावर दिसतात. आपल्या शेतावर ते नांगराच्या तासांत, द्राक्षाच्या छाटणींत आणि कलमाच्या जोडांत वाचावे लागतात. खेळांतील माणसास मजुरी द्यावी लागत नाहीं, आपणांस द्यावी लागते. आणि जो धनी जाणत्या व अजाण हातांस एकच दर लावितो, त्याचा जाणता गडी एके दिवशीं दुसऱ्याच्या बांधावर दिसतो. त्याच्या कसबाची किंमत मग पुढच्या हंगामांत कळते.

यास्तव पेरणीपूर्वीं प्रत्येकानें एक कागद घ्यावा. घरचीं माणसें व गडी यांचीं नांवें लिहून तीन रकाने पाडावे: काय येतें, काय आवडतें, आणि तो नसल्यास तें काम कोण करील. तिसरा रकाना जेथें रिकामा राहील, तेथें याच हंगामांत एखाद्या तरुणास जाणत्याच्या हाताखालीं द्यावें.